आप्पांच्या लोखंडाची तलवार : कामाच्या नोंदी

४ जानेवारी

दादा आज पेटी घेऊन आला. आमच्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, ट्रकमध्ये सीटखाली असायची ती पत्र्याची पेटी, आणि सोबत दोन गोण्या लोखंड. आप्पा गेल्यापासून हे सगळं त्याच्याकडे जिन्याखाली पडून होतं. कुणाचा पाय लागला की खडखडाट व्हायचा आणि घरातले सगळे एकदम गप्प व्हायचे, म्हणाला.

"याची तलवार कर. सगळ्याची. यातलं काही टाकायचं नाही."

तलवारच का, हे मला विचारावं लागलं नाही. दादा आठ-नऊ वर्षांचा असताना आप्पांच्या गाडीचा पाटा, म्हणजे स्प्रिंगची लांब पोलादी पट्टी, तुटला होता. तुटका तुकडा हातात तोलून आप्पा त्याला म्हणाले होते, याची तुला तलवार करून देतो. तो तुकडा पुढे कितीतरी वर्षं दाराआड उभा होता. आप्पांना सवड झाली नाही. लोहारकाम शिकले मी, पण तो शब्द दादाला दिलेला होता आणि त्याने तो जपून ठेवला.

सगळं टेबलावर मांडलं. मागच्या कमानीतले दोन पाटे, त्यातला एक तोच, टोकाशी तुटलेला. चार कानशी. आजोबांच्या बैलगाडीच्या चाकाची धाव (चाकावरची लोखंडी पट्टी), जेमतेम अर्धं वर्तुळ. जबडा फुटलेला लहान व्हाइस. ताडपत्रीचे अकरा हूक. पान्यांचा जुडगा. पाट्यांच्या टोकांशी बसणारे गनमेटलचे (एक प्रकारचं कासं) सहा बुश, म्हणजे नळीसारखे तुकडे. आणि हातोडा.

मोठी चपटी कानस उजेडात धरली. एका कडेचे दाते पार गुळगुळीत झालेत, दुसऱ्या कडेचे अजून बोटाला लागतात. माझ्या कानशी जिकडे झिजतात, त्याच्या बरोबर उलट बाजूला. आप्पा डावखुरे होते. हे मला माहीत होतं, पण लोखंडावर उमटलेलं आज पहिल्यांदा पाहिलं.

७ जानेवारी

ग्राइंडरवर ठिणग्या पाहिल्या. खोलीतला दिवा मालवून, प्रत्येक तुकडा सारख्याच दाबाने टेकवला.

कानशीच्या ठिणग्या चाकाजवळच फुटतात, पांढरट, दाट, झुडपासारख्या. भरपूर कार्बन. पाट्याच्या ठिणग्या लांब जातात आणि मग त्यांना फांद्या फुटतात. व्हाइसच्या आखूड, मंद लाल, चाकापासून फार दूर न जाणाऱ्या; म्हणजे बीड. आणि धावेच्या? लांबच लांब, सरळ, शेवटपर्यंत न फुटणाऱ्या रेघा. आजोबांची धाव साध्या आजकालच्या लोखंडाची नाही, जुन्या घडीव लोखंडाची आहे.

खात्री करायला धावेचा एक तुकडा करवतीने अर्धा कापला आणि व्हाइसमध्ये (माझ्या) धरून वाकवला. तो काडकन मोडला नाही. ओली फांदी मोडावी तसा चिरफळत गेला, आणि आत तंतू दिसले, करडे, लाकडासारखे. हे तंतू म्हणजे लोखंड करताना आत राहिलेली मळी, जी ठोकताना आणि लाटताना लांब ओढली गेली. १७८४ मध्ये हेन्री कॉर्टने पडलिंगचं, म्हणजे वितळलेलं बीड भट्टीत ढवळून त्यातला कार्बन काढायच्या पद्धतीचं, पेटंट घेतलं आणि असं लोखंड मोठ्या प्रमाणावर निघू लागलं. आयफेल टॉवर याच जातीच्या लोखंडाचा आहे. १८५६ च्या बेसेमर पद्धतीनंतर ओतीव पोलाद स्वस्त होत गेलं आणि हे हळूहळू मागे पडलं. आता ते मिळतं ते असंच, जुन्या दारांच्या बिजागऱ्यांत, साखळ्यांत, चाकांच्या धावांत.

आजोबांनी ही धाव का ठेवली असेल? गाडी मोडली, चाकं जळणाला गेली, धाव राहिली. मग आप्पांनी ठेवली.

९ जानेवारी

दादाला फोन केला. सगळं तलवारीत जाणार नाही, हे सांगायचं होतं आणि गुळमुळीत सांगायचं नव्हतं.

हूक गॅल्वनाइज्ड आहेत, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले. जस्त ९०७ अंशांना उकळतं, मला भट्टी जवळपास १२५० अंशांवर न्यायची आहे. तो पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. जस्त आम्लात उतरवता येतं, पण हूक साध्या मऊ लोखंडाचे आहेत आणि ते काम आजोबांची धाव जास्त चांगलं करणार आहे. पान्यांवर क्रोमचा मुलामा आहे, त्याची धूळ आणि धूर दोन्ही विषारी. आणि व्हाइस बिडाचा. बिडात कार्बन दोन टक्क्यांच्या वर असतो. लाल करून हातोडा मारला तर ओल्या वाळूच्या ढेकळासारखा फुटतो. तो ओतता येतो, घडवता येत नाही.

दादा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "व्हाइस राहिला तर कसं? त्यांचा अर्धा दिवस त्याच्यापुढे जायचा."

"राहणार नाही. तलवार त्याच्यावर ठेवू. तो बैठक होईल."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं तुझ्याकडे पेटीत राहील. पाने तर अजून चालतात रे. चालणारा पाना मोडून मी पात्यात घातला, तर आप्पांना ते आवडेल असं तुला वाटतं का?"

"नाही," म्हणाला. हे त्याला लगेच पटलं.

भावनेच्या लोखंडाचं हे दुखणं नवं नाही. १६२१ मध्ये जालंधरजवळ आकाशातून लोखंड पडलं. जहांगीर बादशहाने ते उकरून मागवलं आणि उस्ताद दाऊद नावाच्या कारागिराकडे तलवार, खंजीर आणि सुरी करायला दिलं. पण हातोड्याखाली ते टिकेना, त्याचे तुकडे पडायला लागले. शेवटी तीन भाग ते लोखंड आणि एक भाग साधं लोखंड असं मिसळलं तेव्हा शस्त्रं झाली. बादशहाने स्वतःच्या आठवणींत हे लिहून ठेवलंय, आणि त्यातली सुरी आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहात आहे. आकाशातून पडलं म्हणून ते लोखंड घणाखाली वेगळं वागलं नाही. त्याला जोड द्यावी लागली, आणि बादशहाने ती लपवली नाही.

मला या तलवारीबद्दल तेवढंच करायचं आहे. काय आत गेलं, काय गेलं नाही, हे दादाला ग्रॅमपर्यंत सांगता आलं पाहिजे.

१२ जानेवारी

हातोड्याचा निर्णय झाला. डोकं वितळवायचं नाही, घडवायचंही नाही. दांडा काढून घेतला, डोक्याला नवा दांडा बसवला. पात्यावरचा प्रत्येक हातघाव आता आप्पांच्या हातोड्याचा असेल. जुना दांडा मुठीला.

दांड्यावर अंगठ्याची खळगी पडलीय. इतकी वर्षं अंगठा एकाच जागी टेकवल्यावर लाकूड दबतं, तेल आणि घाम पिऊन काळं पडतं, आणि कडा गोटीसारख्या गुळगुळीत होतात. माझा अंगठा तिथे ठेवून पाहिला. उजव्या हाताने बसत नाही.

१५ जानेवारी

पाटे साफ केले. वर्षानुवर्षं वाकत-उठत राहिलेल्या पाट्यात डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा असतात, आणि अशी चीर पात्यात गेली तर पाणी देताना, म्हणजे लाल तापवून एकदम निववताना, ती उघडते. चिरा दाखवणारं लाल द्रव लावलं, पुसलं, वरून पांढरी पावडर मारली. सेंटर बोल्टच्या भोकाशी दोन लाल रेघा. तुटलेल्या टोकाशी केसांसारखं जाळं. म्हणजे दादाला देऊ केलेला नेमका तो तुकडा, अगदी टोकाकडचा, घेता येणार नाही. त्याच पाट्याचा मधला भाग मात्र निर्दोष आहे. तो घेतला.

वजनं, वहीत आणि इथेही:
पाटा ९६० ग्रॅम. दोन चपट्या कानशी ४२० ग्रॅम. धाव १,०८० ग्रॅम. एकूण २,४६०.

अर्धगोल आणि तिकोनी कानस मी घेतली नाही. पात्याचे बारीक कोपरे त्यांनीच घासणार आहे.

१६ जानेवारी

कानशींचे दाते ग्राइंडरवर उतरवले. तसेच ठेवून जोड मारला तर दात्यांच्या खाचांत हवा आणि मळ अडकतो आणि जोड कच्चा राहतो. दुसरा इलाज नाही. तरी त्या झिजलेल्या कडेवर चाक टेकवण्यापूर्वी मी कागद ठेवून पेन्सिलने तिचा ठसा घेतला. तो वहीत चिकटवलाय.

१९ जानेवारी

बेत असा : पात्याच्या पोटात पाटा आणि कानस यांचं कडक पोलाद, दोन्ही कुशींना आजोबांचं मऊ लोखंड. धार पोटातून बाहेर येईल. एकेरी धारेचं सरळ पातं.

पोट आज जोडलं. पाट्याचे तीन थर, मध्ये कानशींचे दोन. पाट्याच्या पोलादात सिलिकॉन असतं, त्याची साय जोडाच्या आड येते, म्हणून पृष्ठभाग आरशासारखे घासले आणि जोडाची जागा साफ ठेवणारा टाकणखार सढळ हाताने टाकला. तीन जोड-ताव (थर एकमेकांना चिकटतील इतकं तापवणं) दिले, एकदा मधोमध कापून दुमडलं. पाचाचे दहा थर.

कानशीत सव्वा टक्क्याच्या आसपास कार्बन, पाट्यात ०.६ च्या आसपास. पण इतक्या तापमानाला कार्बन स्वस्थ बसत नाही. पातळ थरांत तो काही मिनिटांतच जास्तीकडून कमीकडे सरकतो आणि सगळीकडे सारखा होतो. आता यातला कार्बन कानशीचा कुठला आणि पाट्याचा कुठला, हे कुणालाही सांगता येणार नाही.

वजन १,०१०. कापलेलं टोक १२०. म्हणजे २५० ग्रॅम जळून, खवले होऊन गेलं.

२० जानेवारी

ते १२० ग्रॅमचं टोक चाचणीला वापरलं. लाल करून तेलात बुडवलं, कानस फिरवली तर घसरते, दात धरत नाही. मग व्हाइसमध्ये धरून तोडलं. तुटलेली कड करडी, मऊसूत, मखमलीसारखी. कण बारीक आहेत. पोट चांगलं झालंय.

२६ जानेवारी

सकाळपासून धाव. सरळ करायलाच दोन ताव लागले. इतकी वर्षं गोल राहिलेलं लोखंड तापल्यावरही जरा गोलाईकडेच झुकतं, असं हाताला वाटत राहिलं.

मग चूक झाली. दुसरी कूस लांबवताना ताव उतरला होता, नारिंगी रंग गेला होता, आणि मला वाटलं अजून चार घाव बसतील. घडीव लोखंडाला हे चालत नाही. त्याला पोलादापेक्षा जास्त ताव लागतो. निवत आल्यावर ठोकलं तर ते आपल्या तंतूंच्या रेघेने उलतं. चौथ्या घावाला कड उलली, बोटभर. पोलादाने ते चार घाव सोसले असते. आजोबांच्या लोखंडाला मी पोलादासारखं वागवलं, ही माझी चूक.

फट घासून साफ केली, टाकणखार भरला, पिवळ्या तावावर आणून मिटवली. मिटली. तरी तो भाग लक्षात राहावा म्हणून पंचाची खूण केली. तो मुठीच्या बाजूला जाईल असं पातं फिरवणार.

२८ जानेवारी

आज तिन्ही एक झाले.

कूस, पोट, कूस, असा जुडगा तारेने बांधला, मागच्या टोकाला धरायला लांब सळई जोडली. भट्टीत ठेवून आधी मंद लाल, मग बाहेर काढून टाकणखार. तो फुगतो, फसफसतो, मग काचेसारखा वितळून फटींमध्ये शिरतो. पुन्हा आत. भट्टीच्या आतला आणि जुडग्याचा रंग एक होऊन जुडगा दिसेनासा होतो, तोवर थांबायचं. वर टाकणखार उकळत असतो, आणि धावेच्या कडांमधून जुनी मळी घामासारखी बाहेर येते. आजोबांच्या लोखंडातली ही मळी ते लोखंड झाल्या दिवसापासून आत होती.

पहिले घाव हलके. मधून कडेकडे, म्हणजे आतला रस बाहेर जाईल. घाव जड मारला तर थर घसरतात. पहिल्या घावांचा आवाज बसका येतो, दोन वस्तू एकमेकींवर आपटल्यासारखा. पाचव्या-सहाव्या घावाला रस पिचकारीसारखा उडाला, चामड्याच्या अंगरख्यावर चरचरला. दुसऱ्या तावात आवाज बदलला. घट्ट, एकसंध. हातोड्याची उसळीसुद्धा वेगळी लागते. डोळ्याआधी मनगटाला कळतं की जोड बसला.

चार ताव दिले. जुडगा निवताना पाहत होते. जोड कुठे कच्चा असेल तर तिथे उष्णता अडते आणि निवताना काळी सावली दिसते. कुठे दिसली नाही.

दादाला फोन केला नाही. हात थरथरत होते.

३ ते १० फेब्रुवारी

लांबवणं. रोज दोन-अडीच तास. लिहिण्यासारखं फार नाही. पातं साठ सेंटिमीटरच्या पुढे गेल्यावर मात्र प्रत्येक तावाला सरळपणा पाहावा लागतो, आणि पोट मधोमध राहावं म्हणून दोन्ही कुशींना मोजून सारखे घाव. एका कुशीला चार जास्त बसले की धार मधून सरकते आणि शेवटी धारेला मऊ लोखंड येतं.

१२ फेब्रुवारी

अणीजवळ ओरखडा दिसत होता. घासून, फेरिक क्लोराइड (लोखंड खाऊन आतले थर दाखवणारं द्रव) लावून पाहिलं. कूस आणि पोट यांच्यामध्ये नऊ मिलिमीटरची काळी रेघ. तिथे जोड नाही. रस बाहेर पडला नसणार.

पुन्हा तापवून मिटवता आली असती, पण अणी इतकी पातळ झाल्यावर जोड-ताव दिला की ती जळते. कापून टाकली. पातं आता ६८ ऐवजी ६६ सेंटिमीटर. दोन सेंटिमीटरला मी दुपारभर हळहळले, आणि मग अणी नव्याने घडवली.

कापलेली टोकं आतापर्यंत एकूण ५२० ग्रॅम. डब्यात ठेवलीत.

१५ फेब्रुवारी

दादा आला होता. ऐरणीखालची जमीन पाहिली त्याने. खवल्यांचा थर साचला होता, काळा, करकरीत.

"हे काय आहे?"

सांगितलं. तापलेलं लोखंड हवा लागून वरून काळं पापुद्र्यासारखं सुटतं, प्रत्येक तावाला थोडं.

"म्हणजे हे आप्पांच्याच लोखंडाचं?"

"हो."

"आणि किती गेलं असं?"

वही दाखवली. भट्टीत आणि ऐरणीवर मिळून ५५० ग्रॅम. घासण्यात अजून जाईल, सहाशेच्या आसपास. तो खाली उकिडवा बसला आणि हाताने ते गोळा करायला लागला. मी झाडू दिला, पण त्याने हातानेच गोळा केलं. जड असतात खवले, मूठभर घेतले तरी कळतात.

व्हाइसचं पोट खालून पोकळ आहे. त्यात हे भरायचं आणि खालून फळी लावायची, असं त्याच्याच डोक्यातून निघालं. मला सुचलं नव्हतं.

२० फेब्रुवारी

घासणं. बेल्ट ग्राइंडरवर कच्चा आकार, पुढचं कानशीने. धारेची जाडी पावणेदोन मिलिमीटर ठेवली. याहून पातळ केली तर पाणी देताना लाटेसारखी वळते. पाठीशेजारी उथळ पन्हळ घेणार होते, मन बदललं. पन्हळीने वजन उतरतं, पण कुशीतले तंतू कापले जातात. आजोबांचं लोखंड पाठीपासून खालपर्यंत सलग दिसू दे.

२४ फेब्रुवारी

उद्या पाणी. आज तीनदा नॉर्मलायझिंग केलं. तापवून, हवेत निवू देऊन, दर वेळी ताव थोडा कमी. ठोकताना आत साठलेला ताण जातो आणि कण बारीक होतात. गॅसची भट्टी या लांबीला पुरत नाही, म्हणून कोळशाची लांब चर केलीय, खालून भोकांच्या पाइपमधून वारा.

दादाने विचारलं, ही टांगून ठेवायची तलवार, हिला पाणी कशाला? प्रश्न बरोबर आहे. धार मी लावणारच नाही, कड अर्धा मिलिमीटर बोथट ठेवायची ठरलंय. पण आप्पांनी बिनपाण्याची छिन्नी कधी हातात धरली नाही. नुसती छिन्नीसारखी दिसणारी वस्तू त्यांनी बाजूला सारली असती. तलवार व्हायची तर आतूनही तलवार असली पाहिजे.

२५ फेब्रुवारी

रात्री, अंधारात. रंग दिवसा फसवतात.

पातं चरीत मागेपुढे फिरवत राहिले, उलटंपालटं. ७७० अंशांना चुंबक धरणं सोडतो. त्याच्या पुढे अजून एक पायरी, सगळीकडे एकच रंग, ना डाग, ना सावली. धारेत एक गडद पट्टा दिसत होता, तो शेवटी विरघळला. दादा तेलाच्या नळीचं झाकण धरून उभा होता. तेल ६० अंशांवर.

पाणी तेलातच दिलं, पण शब्द आपला तोच.

सरळ उभं, एका दमात. वरून जाळ उठला, दादाने मान मागे केली, झाकण सोडलं नाही. मी कान लावून होते. तडा गेला तर बारीक, स्वच्छ "टिंग" येतो. एकदा ऐकला की आयुष्यात विसरत नाही. नुसती तेलाची घरघर. दहापर्यंत मोजलं. काढलं.

पातं वाकडं झालेलं. पाठीकडे सहा मिलिमीटर. पोट कडक होताना फुगतं, मऊ कुशी तशा फुगत नाहीत, ओढाताण होते. अजून गरम असतानाच, हातमोज्यांनी, लाकडी ठोकळ्यावर दाबून दोन मिलिमीटरवर आणलं. याला फार तर एखाद-दोन मिनिटं मिळतात. पुढे जोर केला तर तुटतं.

कानस धारेवर फिरवली. घसरली. दादालाही फिरवू दिली, ती आप्पांची तिकोनी. "लागतच नाही," म्हणाला, आणि पुन्हा फिरवून पाहिली.

लगेच ताव उतरवायला, म्हणजे ठिसूळपणा घालवायला, भट्टीत. पट्टीला तीन ठिकाणी क्लॅम्पने बांधून, २७० अंश, दोन तास. उद्या पुन्हा दोन तास.

२७ फेब्रुवारी

सरळ. डोळ्याजवळ धरून पाहिलं तरी सरळ.

वाकवून पाहिलं, पण बेताने. आख्ख्या स्प्रिंग पोलादाचं पातं वाकवून सोडलं की परत येतं. हिच्या कुशी मऊ आहेत, जास्त वाकवली तर थोडी वाकलेलीच राहील. थोडं वाकवून सोडलं तेवढं परत आली.

४ मार्च

बुश वितळवले, उघड्यावर, मास्क लावून. गनमेटलमध्ये पारंपरिक प्रमाण ८८ भाग तांबं, १० कथील, २ जस्त, आणि अशा बुशांत शिसंही असू शकतं. वाळूच्या साच्यात परज, म्हणजे मुठीपुढची आडवी पट्टी, ओतली. पहिली ओत कमी पडली, आत बुडबुडे. दुसरी ठीक. एका बुशची तेलाची खाच वितळण्याआधी मोजून ठेवली होती, तशीच परजेवर कोरली.

९ मार्च

पॉलिशपेपर. १२० पासून सुरुवात, ८०० वर थांबले. चार संध्याकाळी गेल्या. मग फेरिक क्लोराइडमध्ये बुडवलं, आणि तीन भाग वेगवेगळे दिसले.

कुशींवर तंतूंचे प्रवाह, करडे, नदीच्या गाळावर पाणी ओसरल्यावर उमटतात तसे. जिथे कूस संपते आणि पोट सुरू होतं तिथे एक फिकट, चमकती रेघ. तिथे कार्बन पोटातून कुशीत सरकलाय. आणि धारेकडे गडद पट्टा, त्यात अगदी बारीक, तिरपं धरल्यावरच दिसणारे दहा थर. पंचाची खूण केलेली जागा परजेखाली गेली. ती कुणाला दिसणार नाही, पण मिटवलेली फट तिथे आहे हे इथे लिहून ठेवते.

पातं शेपट्यासकट (मुठीत जाणारा भाग) ७८० ग्रॅम. कापलेली टोकं ५२०. खवले आणि घासलेला भुगा १,१६०. बेरीज २,४६०. जुळली.

१४ मार्च

मूठ. दांडा उभा चिरून दोन फाकी केल्या. करवत घालायला मला सकाळपासून दुपार झाली. खळगी एका फाकेत सलग राहील अशी रेघ आखली. आतून शेपट्याची खाच कोरली, इपॉक्सी, दोन पितळी रिवेट. वरून पॉलिशपेपर लावलाच नाही. नुसतं जवसाचं तेल. काळपटपणा राहू दिला, तो त्यांच्या हाताचा आहे.

खळगी कुठे येते हे मी आखताना मोजलं होतं, आणि दुसरीकडे वळवता आली असती. फाक फिरवली की झालं. वळवली नाही.

१६ मार्च

व्हाइस घासला, तेल दिलं. फुटका जबडा तसाच ठेवला. उरलेल्या जबड्यावर आणि मागच्या खांद्यावर तलवार आडवी बसते, मध्ये चामड्याच्या पट्ट्या. पोटात दादाने गोळा केलेले खवले, माझा भुगा आणि कापलेली टोकं. खालून फळी.

१८ मार्च

दादा संध्याकाळी आला. मी तलवार फडक्यात गुंडाळून ठेवली होती. त्याने टेबलावरच उलगडली.

आधी काही बोलला नाही. बोट कुशीवरून फिरवलं. "हे आजोबांचं," मी म्हटलं. मग गडद पट्ट्यावरून. "हे आप्पांचं. पाटा आणि कानशी, दोन्ही."

"तोच पाटा?"

"तोच. टोकाकडचा नाही, मधला. टोकाला चिरा होत्या."

त्याने उजव्या हातात घेतली, उचलली, खाली केली. मनगट एकदा फिरवलं. कपाळावर आठी आली, काहीतरी बोचत असल्यासारखी. अंगठा इकडे सरकवला, तिकडे सरकवला. बसेना. मी गप्प राहिले.

मग त्याने मूठ डाव्या हातात घेतली. अंगठा लाकडावरून घसरत गेला आणि खळगीत थांबला. दादाने खाली पाहिलं. अंगठा उचलून पुन्हा ठेवला.

मुठीवर तेलाचा ओघळ राहिला होता. मी पुसायला फडकं पुढे केलं, तर त्याने मानेनेच नको म्हटलं. खूप वेळ तशीच धरून उभा होता.